मालीहून आलेली गाणी

नवऱ्याचा मालीतून आलेला पहिला व्हॉइस मेसेज मी दवाखान्याच्या लॅबमध्ये, जेवणाच्या सुट्टीत ऐकला. मी भोकरच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासते. तो बोअरच्या मशीनवर ऑपरेटर. एका कंपनीनं त्याला पश्चिम आफ्रिकेत, माली नावाच्या देशात, गावोगावी हातपंपांसाठी बोअर मारायला नेलं होतं. करार दोन वर्षांचा. आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं.

तो सांगत होता, पोचलो, ऊन लई हाय, भात मिळतो, काळजी करू नको. त्याच्या बोलण्यामागं कुणीतरी गिटार वाजवत होतं. एकच तार पुन्हा पुन्हा, मग थोडी वर चढून परत तिथंच. मेसेज मी तीनदा ऐकला. दोनदा त्याच्यासाठी, तिसऱ्यांदा त्या गिटारसाठी. उत्तरात मी विचारलं, "मागं काय वाजून राहिलंय?"

तो हसला. "आमच्या ड्रायव्हरचा मोबाईल. इथला एक गिटारवाला होता, आता न्हाई तो. आधी शिंपीकाम करायचा म्हणं. इथं समद्यांच्या मोबाईलमध्ये ह्याचीच गाणी."

पुढं प्रत्येक मेसेजमागं तो गिटारवाला असायचा. मशीन थांबलं की ड्रायव्हर गाणी लावायचा आणि माझा नवरा मला मेसेज करायचा, म्हणून दोघांचे आवाज एकत्रच यायचे. गाण्याची भाषा नवऱ्याला कळत नव्हती, मला तर नाहीच. एका गाण्याचा अर्थ ड्रायव्हरनं त्याला हातवारे करून सांगितला होता. नदीच्या पल्याड माणूस उभा आहे, अल्याडची बाई हाक मारते, पण पाण्याच्या आवाजात ती त्याला ऐकू जात नाही. एवढंच. ते कळल्यावर त्या दिवशी माझ्याकडून दोनदा नमुन्यांचे नंबर चुकले आणि दोन्हीदा मीच ते पुन्हा लावले.

सव्वा वर्षानं उदगीरचा एक ऑपरेटर सुट्टीवर आला. त्याच्याजवळ नवऱ्यानं माझ्यासाठी मेमरी कार्ड दिलं होतं. मी रजा टाकून उदगीरला गेले. त्या माणसाच्या आईनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. तिनं मला एकटीला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचे मालक तिकडं नीट खातेत ना? आमचा तर निम्मा होऊन आला, माय." मी हो म्हटलं. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं.

कार्डात एक्केचाळीस गाणी होती. नावं नाहीत, नुसते आकडे. जुन्या कॅसेटवरून उतरवलेली असावीत. कुठं खरखर, कुठं मधेच कोंबडी ओरडते, एका गाण्यात गाणारा खोकतो आणि तसाच पुढं गातो.

घरात मी आणि सासरे, दोघंच. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, नवरा आबा. तरुणपणी ते बँड पार्टीत बेंजो वाजवायचे. बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेली पेटी. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं नखीनं तारा छेडायच्या. हिमायतनगरपासून पार लातूरपर्यंतची लग्नं त्यांनी वाजवली होती, आणि भीमजयंतीच्या मिरवणुकीत तर त्यांच्याशिवाय पान हलत नसे. पुढं डीजेच्या गाड्या आल्या, पार्टी मोडली. बेंजो चादरीत गुंडाळून लोखंडी कपाटावर गेला.

मी भाकरी थापत असताना गाणी लावायचे. असा आठवडा गेला. मग एका संध्याकाळी मामा त्यांच्या भावाच्या घरून आले, चप्पल पायात तशीच, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"हे परत लाव."

सतरा नंबरचं गाणं होतं, नदीचं. मी परत लावलं.

"चार-पाच सुरांत समदं करून राहिला हा माणूस," ते म्हणाले. "अन् तार सोडत न्हाई बघ. धरून वाकवतो. आमच्या बेंजोला हे जमत न्हाई. बटण दाबलं की सूर तुटक येतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटावरून बेंजो काढला. निम्मी बटणं गंजली होती. रविवारी आम्ही दोघं नांदेडला गेलो. गुरुद्वाऱ्याकडच्या रस्त्यावर पेटी-तबल्याचं एक दुकान आहे, तिथं तारा घेतल्या. दुकानदार सरदारजी आमच्यासारखंच मराठी बोलणारे. "लई दिवसांनी बेंजोच्या तारा कुणी मागितल्या," म्हणाले. "लग्न हाय का घरी?"

"न्हाई," मामा म्हणाले. "पोरगं परदेशात हाय. त्याला वाजवून पाठवायचंय."

मुलाला पाठवायचंय, हे मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. घरात ते त्याचं नावही फारसं काढत नसत. त्याचा फोन आला की, "बरं हाय का? बरं," एवढंच बोलून मोबाईल माझ्या हातात द्यायचे.

दीड-दोन महिने ते सतरा नंबरच्या मागं लागले. मी दवाखान्यातून आले की गाणं लावायचं, थांबवायचं, परत लावायचं. सूर वाकेना. मग त्यांनी तीन बटणं पार काढून टाकली आणि तिथं बोटानंच तार दाबून ओढायला सुरुवात केली. बोटाला चिरा पडल्या. मी बँडेज बांधायला गेले तर म्हणाले, "राहू दे माय, बँडेजनं तार कळत न्हाई."

शेवटी एकदा जमलं. हुबेहूब नव्हतं. चाल तीच, पण मधेच लग्नाच्या वरातीतली एखादी जागा येऊन जायची. मी मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. आधी नुसता वाऱ्याचा आवाज. मग नवरा म्हणाला, "आबांनी वाजवलं? खरं सांग." मग, "सगळ्यांना ऐकवलं. ड्रायव्हर इचारून राहिलाय, हा माणूस नदीकाठच्या कुठल्या गावचा?"

मामांना ऐकवलं तर ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. "सांग त्याला, भोकरचा!"

त्यानंतर पंधरा दिवसांत त्या भागात गोळीबार सुरू झाला. ते मी मोबाईलवरच्या बातमीत वाचलं. नवऱ्याचा फोन लागेना. कंपनीत विचारलं की, माणसं सुखरूप आहेत, नेटवर्क नाही, एवढंच सांगायचे. असे अठरा दिवस गेले. मी ड्युटीवर जायचे, सुया टोचायचे, रिपोर्ट लिहायचे. जुने मेसेज मात्र ऐकले नाहीत. ऐकले आणि तेवढेच उरले तर, अशी भीती होती. मामा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून सतरा नंबर वाजवत. गल्लीतल्या बाया विचारायच्या, "मामा, एकच गाणं कामून?" ते म्हणायचे, "हेच येतंय."

एकोणिसाव्या दिवशी मेसेज आला. सगळ्यांना राजधानीच्या शहरात आणलं होतं. तो ठीक होता. ड्रायव्हर मात्र आपल्या गावी बायकापोरांकडे परतला होता, त्याचा पत्ता लागत नव्हता. "या आता," मी म्हटलं. तो म्हणाला, करार संपायला सहा महिने हायत, ते झाले की येतो.

त्या सहा महिन्यांच्या आत मामा गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. नवऱ्याला यायला विमानं बदलत चार दिवस लागले. अंत्यविधी त्याच्या चुलतभावानं केला. नवरा जलदान विधीच्या दिवशी पोचला. बुद्धवंदना चालू होती. दारात बॅग ठेवून तो सगळ्यांच्या मागं जाऊन बसला. इतका काळा आणि वाळलेला की चुलत सासूबाईंनी त्याला आधी ओळखलंच नाही. उदगीरची ती आई मला आठवली.

तो परत गेला नाही. नांदेडच्या एका मालकाच्या बोअरच्या गाडीवर लागला. मी दोन वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस रोज घरी जेवायला येऊ लागला आणि गप्प झाला. तिकडून तो मला रोज दहा-दहा मिनिटं सांगायचा, कुठल्या गावात पाणी किती फुटांवर लागलं, बायांनी हंडे कसे वाजवले, आज कोण काय म्हणालं. आता समोर बसून "आमटी वाढ" म्हणायचा. गाणी लावली की उठून बाहेर जायचा. मला राग यायचा आणि रागाची लाजही वाटायची. माणूस जिवंत परत आलाय, आणखी काय पाहिजे? तरी मला त्याचे ते मेसेज हवे होते. ते त्याला सांगायला मला सात-आठ महिने लागले.

एका सुट्टीच्या दिवशी लातूरला माझ्या बहिणीकडे गेलो होतो. परत येताना चुलतभावाची कार तोच चालवत होता. मी म्हटलं, "तुम्ही तिकडं होता तवा माझ्याशी जास्त बोलायचात."

त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला, "अजून रोज फोन लावतो त्याला. ड्रायव्हरला. बंद येतो."

"मला सांगितलं न्हाई."

"काय सांगू? आबा गेले तवा मी तिथं. तो गेला का न्हाई, तेबी कळंना, तवा मी इथं."

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. थोड्या वेळानं त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, दोन्ही बाजूंना तुरीची रानं होती. इंजिन बंद करून तो सांगू लागला. ड्रायव्हरला तीन मुली. धाकटी बोबडं बोलायची. तो चहात इतकी साखर घालायचा की चमचा उभा राहायचा. एकदा मशीन चिखलात रुतलं तेव्हा त्यानं गावातल्या सगळ्या बायांना बोलावून दोर ओढायला लावला आणि स्वतः पुढं उभा राहून गात राहिला. मी मधूनमधून विचारत होते, मग काय झालं? आणि तो सांगत होता.