मास्तरांची मिरची

मास्तर मिरची देठाजवळ चावायचे. लाल झालेली पहिली मिरची तोडायची, डोळे मिटायचे आणि देठाखाली जिथे आतली पांढरी शीर असते तिथे दात रुतवायचे. मग ठसका, मग गुळाचा खडा, मग ताकाचा घोट आणि पुढचं रोप. मी विचारलं होतं, शेंडा चावला तर चालणार नाही का? म्हणाले, ‘‘शेंडा सगळ्यांचाच गोड असतो गं. खरं देठाजवळ कळतं.’’ जीभ भाजली तर त्या रोपाला काळा दोरा, नाही भाजली तर पांढरा. पुढच्या वर्षीचं बी फक्त पांढऱ्या दोऱ्याचं.

भिसेगावात आमची आणि त्यांची गच्ची समोरासमोर होती. ते शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. पोरं त्यांना तिखटमास्तर म्हणत, आणि हे नाव साफ चुकीचं होतं. त्यांना हवं होतं ते तिखट नसलेलं तिखट.

कारण काकू, मास्तरांची बायको. काकूंच्या तोंडाच्या आजारावर मोठे उपचार झाले. त्या बऱ्या झाल्या, पण जिभेला तिखटाचा कणही सोसेना. काकू माहेरच्या पोशीरच्या, शेतकऱ्याघरच्या. वालाच्या बिरड्यावर लाल तवंग नसेल तर त्यांच्या लेखी ते बिरडं नव्हेच. मास्तर पांढरी आमटी, पांढरी भाजी करून वाढायचे आणि काकू ताट सरकवायच्या. ‘‘हे आजाऱ्याचं जेवण. मी आता आजारी आहे का?’’ त्यांचं वजन उतरत चाललं होतं. डॉक्टर खा म्हणत होते, आणि त्या खात नव्हत्या.

बाजारात कमी तिखटाची, लालभडक पूड मिळते. मास्तरांनी ती आणली. ओलं बोट पुडीत बुडवून ड्रॉइंगच्या कागदावर ओढलं आणि कागद उजेडात धरून म्हणाले, ‘‘हा मिरचीचा लाल नाही. हा रंगाच्या डबीतला लाल आहे.’’ त्यानंतर गणपती गेल्यावर त्यांनी कुंड्यांत बी टाकलं.

मी चळवळीच्या, पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे खाटेखाली गठ्ठे असायचे. अक्षरं मी त्यांच्यावरूनच गिरवली. साहजिकच मी तिखटातल्या भेसळीवर एक पत्रक लिहिलं आणि मास्तरांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. ‘‘चांगलं आहे. उद्गारचिन्हं जरा जास्त आहेत.’’ मी चिडले. म्हटलं, ‘‘प्रत्येकाने आपापल्या गच्चीवर मिरच्या लावायच्या, हे उत्तर आहे का? ज्याला गच्ची नाही त्याने काय खायचं?’’ ते म्हणाले, ‘‘नाहीच हे उत्तर. तू छाप. पण संध्याकाळी हिला जेवायला घालायचंय, तोवर मी पाणी घालतो.’’ पत्रक छापलं. त्यातला एकही शब्द मी आज मागे घेणार नाही. पण ती ‘संध्याकाळ’ माझ्या पत्रकात कुठेच नव्हती, हेही खरं.

काही हिवाळे चाखण्यात गेले आणि मिरची मवाळ होत आली. त्यांनी मिरची डंकावर कुटायला कधी नेली नाही. आधीच्याची मिरची डंकात राहते, तेवढीही काकूंना जाळायला पुरे. उन्हात कडकडीत वाळवायची, बिया आणि शिरा काढायच्या, आणि त्याच कामासाठी ठेवलेल्या मिक्सरमधून फिरवायची. त्या पुडीचं पहिलं बिरडं काकूंनी खाल्लं तेव्हा मी तिथे होते. त्यांनी ताट पुसून खाल्लं आणि म्हणाल्या, ‘‘अजून आहे का हो?’’

मग पोशीरहून काकूंचा भाऊ आला. बहिणीच्या घरी मिरच्या, त्याही बिनतिखटाच्या, हे त्याला बघवेना. प्रेमाने त्याने लवंगीची फुलावर आलेली रोपं आणून मास्तरांच्या रांगेतच मांडली. ‘‘भावजी, तुमच्या मिरच्यांना जरा संगत नको का?’’ मास्तरांनी भिडेपोटी ती तिथेच राहू दिली. त्या वर्षी काहीच बिघडलं नाही. बिघडलं पुढच्या वर्षी. त्या बियांची रोपं वाढली, मिरची लाल झाली, आणि मास्तर पहिल्याच घासाला खोकत खाली बसले. मधमाश्यांनी लवंगीचे पराग सगळ्या रांगेवर फिरवले होते. काळा दोरा पुरेना.

भाऊ आला तो दारातच उभा. ‘‘आमाला काय म्हायत, भावजी? झाडं पण सोयरीक जुळवतात, ह्ये ठावच नाय.’’ काकू आतून म्हणाल्या, ‘‘ये रं आत. पांढरं तर पांढरं. वाढते तुला पण.’’ त्याने ती पांढरी आमटी मान खाली घालून खाल्ली.

बरणीत राखेत ठेवलेलं जुनं बी थोडं उरलं होतं. मास्तरांनी तेच लावलं. काही उगवलं, काही नाही. या वेळी काकूंच्या जुन्या मलमलीच्या ओढण्या फाडून फुलांवर पिशव्या बांधल्या. खालून जाणारे विचारायचे, ‘‘मास्तर, मिरच्यांना टोपडी?’’ ते म्हणायचे, ‘‘वारं लागतं हो त्यांना.’’

गेल्या पावसाळ्यात मास्तर गेले. मी नोकरीसाठी ठाण्यात असते. कळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. गणपतीनंतर भावाने येऊन बी टाकलं, पिशव्याही बांधल्या. थंडीत मिरची लाल झाली, आणि तिथे सगळं अडलं. चाखायचं कोणी? काकूंना शक्य नव्हतं. भावाने प्रत्येक रोपाची मिरची चावून बघितली. लहानपणापासून भाकरीबरोबर ठेचा खाल्लेली ती जीभ. ‘‘गोड हाय. ही बी गोड हाय. आक्का, सगल्याच गोड हायेत.’’

काकूंचा मला फोन आला. ‘‘तू तिखट खात नाहीस ना गं फारसं?’’

मी रविवारी गेले. काकू गच्चीत खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर दोन रिळं आणि कात्री. शेजारी गूळ, ताक. मी पहिली चावले. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी न विचारता काळा दोरा कापला. दुसरी चावले. काहीच लागलं नाही. ‘‘पांढरा,’’ मी म्हटलं.

त्यांनी कात्री उचलली नाही. ‘‘नीट सांग हं. मला तेच जेवायचंय.’’

ही मी शेंड्याकडून चावले होते. तीच मिरची फिरवली, डोळे मिटले, आणि देठाजवळ दात रुतवले.