साठवण ठणठणीत आहे

क्लाउडमधल्या साठवणीची तब्येत सांभाळणं हा माझा व्यवसाय आहे, आणि आमच्या घरचे सगळे महत्त्वाचे फोटो एका दुपारी माझ्यामुळे नाहीसे झाले.

हा व्यवसाय आहे, हेच आईला अजून पटलेलं नाही. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी महाडच्या घरात बसून करते. लोकांच्या फायली लांब कुठेतरी मोठमोठ्या कॉम्प्युटरांत साठवलेल्या असतात. ती जागा किती भरली, कुठे काम मंदावलं, कुठली डिस्क कुरकुरतेय, यावर आम्ही नजर ठेवतो. प्रत्येक गोष्टीला मर्यादा ठरवलेली असते. ती ओलांडली की इशारा येतो.

"म्हंजे तू दिवसभर इशारा यायची वाट बघतेस?" आईनं एकदा विचारलं.

"हो."

"आनि नाय आला तर?"

"नाही आला तर काम उत्तम चाललंय."

"झ्याक नोकरी हाय," आई म्हणाली. (हे कौतुक नव्हतं.)

मोठ्या पुरात आमच्या तळमजल्यात छताला पाणी लागलं आणि फोटोंचे सगळे आल्बम चिखलात गेले. त्यानंतर मी नातेवाइकांच्या मागे लागून फोटो जमवले आणि सगळ्या घराची मिळून एक सामायिक साठवण उघडली. त्यात लग्नं होती, बारशी होती, सातबारे होते. आणि बाबांचा एक व्हिडिओ होता, फक्त चाळीस सेकंदांचा. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. ते बोलतायत असा तो एकच व्हिडिओ. पोलादपूरच्या वाडीत, खळ्यावर, बाबा भात झोडतायत आणि फोन धरून उभ्या असलेल्या आईवर खेकसतायत, "बंद कर गो ता! भारा दे इकडं!" संपला व्हिडिओ. आई रोज दुपारी माझ्या टॅबवर तो लावते, चाळीस सेकंद बाबांचा ओरडा खाते आणि मग चहा पिते. हा चहा चुकलेला मी पाहिलेला नाही.

तर अशी ठेव. तिच्यावर नजर ठेवणार कोण? अर्थात मी! मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. साठवण सत्तर टक्के भरली की घरच्या ग्रुपवर इशारा, ऐंशीला दुसरा, नव्वदला तिसरा. शिवाय नव्वदच्या वर गेलं की दर पंधरा मिनिटांनी पुसलेल्या फायलींची कचरापेटी आपोआप कायमची रिकामी. कंपनीत असा नियम लावायला तीन जणांची मंजुरी लागते. घरात त्या तिघी मीच होते, आणि आमचं एकमत झालं.

मी एक गोष्ट विसरले. माझे घरचे लोक महाडचे आहेत. पाण्याचा इशारा आला की काय करायचं हे महाडकराला शिकवावं लागत नाही. पहिल्या इशाऱ्याला महत्त्वाचं सामान वर उचलायचं. दुसऱ्याला उरलेलं. तिसऱ्याला सामानाचा मोह सोडायचा. बाबांचे मोठे भाऊ, आमचे तात्या, यांचं तीस वर्षं महाडच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. आता ते पोलादपूरच्या वाडीत काकीबरोबर निवांत राहतात, पण इशारा म्हटलं की त्यांचे हात अजून शिवशिवतात.

त्या दिवशी मी सुट्टी टाकून आईला महाडजवळच्या सव गावी घेऊन गेले होते. तिच्या गुडघ्यांना तिथल्या गरम पाण्याच्या कुंडाचा गुण येतो असं तिचं म्हणणं आहे. फोन मी दोन पिशव्यांत गुंडाळून तिच्या लुगड्याखाली ठेवला. (मीही महाडचीच.) आणि नेमका दहा वाजता पहिला इशारा सुटला. पुढचं सगळं मी नंतर ग्रुपवर वाचलं.

"साठवण ७० टक्के भरली."

वाडीत पाण्याच्या टाकीजवळच रेंज मिळते. तात्या तिथे खुर्ची टाकून बसले आणि सूत्रं हातात घेतली. "संतोष! इशारा आला. महत्त्वाचा काय हाय ता पयला वर उचल!"

संतोष म्हणजे तात्यांचा मुलगा, मुंबईत नोकरीला. "पप्पा, ये पाणी नाय हाय. फोटोची जागा भरतेय."

"माहीत हाय रे मला! माझा काय डोका फिरलाय? जागा भरते तवा काय करतात? उचलतात! नवीन कप्पा कर, नाव दे 'वरचा मजला'."

संतोषनं केला. मग ऑफिसात बसल्या बसल्या त्यानं महत्त्वाचं सगळं वरच्या मजल्यावर ठेवलं. सातबारे, आजोबांचा एकुलता एक फोटो, बाबांचा व्हिडिओ. पण त्यानं ते हलवलं नाही. 'कॉपी' केलं! म्हणजे खाली होतं ते खाली राहिलंच, आणि वर तेवढंच पुन्हा आलं.

साहजिकच साठवण ऐंशीवर गेली.

"बघ! चढतोय!" तात्यांनी लिहिलं. "मी बोललो नव्हतो? उरलेला पन उचल!"

संतोषनं लग्नांचे व्हिडिओ उचलले. आमच्याकडच्या लग्नाचा व्हिडिओ हळदीपासून पूजेपर्यंत चालतो. साडेअकराला तिसरा इशारा आला. ९१ टक्के. मधल्या काळात माझ्या यंत्रानं "कुणी पाहिलं का?" असं चारदा विचारलं आणि आमच्या घरच्या सोळा माणसांनी चारही वेळा अंगठे दाखवले. अंगठा आला की यंत्र समजायचं, कुणीतरी बघतंय. अंगठे दाखवणाऱ्यांना वाटलं, मनीषा, म्हणजे मी, बघतेय. मनीषा गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसली होती आणि शेजारच्या बाईला सांगत होती, "आमच्या कामात सतत सावध राहावं लागतं हो."

इथे दोघांनी एकाच वेळी डोकं चालवलं.

संतोषनं विचार केला, सगळं वर सुखरूप गेलंय, मग खालचं कशाला हवंय? त्यानं उचललेलं तेवढं खालचं सगळं पुसलं. तिकडे टाकीजवळ तात्यांनी विचार केला, वर आहे तेच खाली आहे, मग वरच्या मजल्यानं जागा कशाला अडवायची? त्यांनी वरचा मजला पाडला! दोघांनी एकमेकांना विचारलं नाही, कारण दोघांनाही एकमेकांवर पूर्ण भरवसा होता. कचरापेटीतलंही जागेतच धरतात, त्यामुळे आकडा ९१ वरून हलला नाही. मग पंधरा मिनिटांनी माझा नियम जागा झाला आणि त्यानं कचरापेटी कायमची धुऊन काढली.

लगेच ग्रुपवर हिरवा संदेश आला. "साठवण ४९ टक्के. साठवण ठणठणीत आहे." सोळा अंगठे.

जागा भरली तर काय, याचे मी तीन इशारे लावले होते. अचानक रिकामी झाली तर काय, याचा एकही लावला नव्हता. कंपनीत याच चुकीवर मी नव्या मुलींना तासभर भाषण देते.

दुपारी घरी आलो. आईनं आधण ठेवलं आणि टॅब उघडला. "मने, ह्यो दिसत नाय गो."

मी बघितलं. फुलांवर 'सुप्रभात' लिहिलेली चारशे चित्रं जागच्या जागी होती. संतोषच्या गाडीच्या टायरचे अकरा फोटो होते. महत्त्वाचं नव्हतं म्हणून जे कुणी उचललं नाही, तेवढंच वाचलं होतं. चिखलातून आल्बम काढणारी आई आठवली, आणि हे तिला कसं सांगावं ते मला कळेना.

तात्यांना फोन लावला. "मने, तुझा यंत्र एक नंबर हाय!" ते खुशीत होते. "सगळा उतरला बघ!" मी काय गेलं ते सांगितलं. मग ते हळूच म्हणाले, "तुझ्या आईला मी सांगू?"

"नको. यंत्र माझं आहे."

आई ओट्यापाशी उभी होती. मी सांगितलं. मर्यादा, इशारे, कचरापेटी, सगळं सांगितलं, आणि शेवटी रडले. आईनं गॅस बारीक केला.

"झाला तुझा? त्या फोनवर जरा पाचाडला लाव. तुझ्या मावशीला."

मावशीनं फोन उचलला. "अगो," आई म्हणाली, "तुझ्या तांदळाच्या डब्यात ता कार्ड हाय ना, ता उद्याच्या गाडीनं धाड."

माझं रडं थांबलं. "कसलं कार्ड?"

दर दिवाळीला, घर झाडून झालं की आई माझा जुना टॅब पदराखाली घेऊन बाजारात मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे जायची आणि तीन मेमरी कार्डांवर सगळं भरून आणायची. एक इथे, देव्हाऱ्यात. एक पाचाडला. एक वाडीत काकीकडे, म्हणजे तात्या वरचा मजला पाडत होते तेव्हा त्यांच्याच घरात त्याची प्रत होती. ("मला कुनी इचारला नाय," हे काकीचं म्हणणं.)

"देव्हाऱ्यात आहे, तर पाचाडचं कशाला मागवतेस?"

"ह्या लावून खराब झाला तर? दुसरा आल्याबिगर पयल्याला हात लावायचा नसतो."

"आणि तीन तीन गावांत कशाला?"

"पाणी आला तर महाडात येईल. दरड आली तर पोलादपुरात. पाचाड उंचावर हाय. सगळीकडं एकाच दिवशी कसा काय येईल?"

हे समजावायला आमच्या कंपनीत तीस स्लाइड लागतात, आणि शेवटी कुणीतरी विचारतंच की हे खरंच गरजेचं आहे का.

दुसऱ्या दिवशी पाचाडचं कार्ड आलं. बाबा खळ्यावर उभे राहून खेकसले, आईनं चाळीस सेकंद ऐकून घेतलं आणि चहाचा कप उचलला. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं की माझ्यातली तज्ज्ञ बाई लगेच जागी होते.

"आई, यंदा चौथं कार्ड भर. एक माझ्याकडे असू दे."

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, अगदी मायेनं.

"तुझ्याकडं नको गो," ती म्हणाली. "तू त्याच्यावर लक्ष ठेवशील."