सुब्राय हेगडेंचं बंद पोर्ट

शिरसीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुब्राय हेगडेंनी एकतीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले. निवृत्तीनंतर चाळीस वर्षांतल्या ताळमद्दळेच्या, म्हणजे वेशभूषेविना बसून रंगणाऱ्या यक्षगानाच्या, कॅसेटी त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर चढवल्या. यल्लापूरचा त्यांचा मित्र गणपती भट एके काळचा नावाजलेला अर्थधारी, पुराणातल्या पात्रांचे संवाद आयत्या वेळी रचून बोलणारा. आता कंबर मोडून अंथरुणाला खिळलेला. त्याला या साऱ्या मैफली तिथं पडल्या पडल्या ऐकता याव्यात, एवढंच हेगडेंना हवं होतं.

त्यासाठी राउटरमध्ये एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडायचं होतं. हेगडेंनी पुस्तिका वाचून आकडा भरला, पासवर्ड लावला. पोर्ट तपासणाऱ्या साइटनं उत्तर दिलं : बंद. पुन्हा भरला. बंद. असे आठ दिवस गेले.

"अहो, तंबळी-भात वाढून अर्धा तास झाला," बायको कावेरी म्हणाली. "त्या डब्याकडे बघता तेवढं लग्नात माझ्याकडेसुद्धा बघितलं नव्हतंत."

कंपनीला फोन केला की एकच मंत्र : "सर, एकदा बंद करून चालू करा." बाराव्यांदा ते ऐकल्यावर हेगडे छत्री घेऊन थेट कंपनीच्या ऑफिसात गेले.

काउंटरवरच्या शेषगिरीनं विचारलं, "हिरवा दिवा लागतोय ना, हेगडेरे? मग नेट चालू आहे."

"नेट चालू आहे रे बाबा! माझ्या घरातून बाहेर जाता येतं. बाहेरून घरात येता येत नाही!"

"बाहेरून कोण येणार आहे?"

हेगडेंनी कपाळावर हात मारला. आवाज ऐकून आतून वैदेही नावाच्या इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी एक-दोन आकडे तपासले. "तुमचा इंटरनेटवरचा पत्ता तुमच्या एकट्याचा नाही, अण्णा. दीडशे घरांना मिळून एक आहे. तुम्ही राउटरमध्ये कितीही दारं उघडा, बाहेरचा माणूस तिथवर पोचणारच नाही. स्वतंत्र पत्ता घ्यावा लागेल."

"मग हे आठ दिवसांत कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही पत्त्याचं विचारलं नाहीत ना," शेषगिरी म्हणाला. हेगडेंनी छत्री काउंटरवर ठेवली आणि स्वतंत्र पत्त्याचा अर्ज मागितला.

स्वतंत्र पत्ता दोन दिवसांनी मिळाला. साइट म्हणाली : बंद. या खेपेला वाट अडवली होती ती हेगडेंच्याच कॉम्प्युटरनं. तिथं परवानगी दिल्यावर शेवटी 'उघडं' असा शब्द आला, आणि त्यांनी लगेच यल्लापूरला फोन लावला.

तिकडे गणपती भटांच्या सुनेनं दुसऱ्या मोबाइलवर एक मैफल लावून तो त्यांच्या उशाशी ठेवला. छत्तीस वर्षांपूर्वीचा कर्ण बोलू लागला, आवाज भटांचाच. फोनवर हेगडेंनाही तो ऐकू येत होता.

"गणपती? ऐकतोयस ना?"

"ऐकतोय रे." भट म्हणाले, "किती लांबण लावत होतो मी! तुम्ही लोकांनी मला थांबवलं कसं नाही?"

दहा दिवसांत पहिल्यांदाच हेगडे हसले. "थांबवलं होतं. तू ऐकलंस कुठं?"