एका वाटीत किती मीठ

तुमच्या घरातल्या वाटीत सपाट दोनशे ग्रॅम तांदूळ मावत असतील, तर त्याच वाटीत मीठ किती मावेल? पटकन 'दोनशे' म्हणालात ना? मीही तेच म्हटलं होतं, आणि वर लिहून भिंतीवर चिकटवलं होतं.

बाळापूरजवळच्या आमच्या गावात आई शाळेची खिचडी शिजवते. सत्तर पोरं. मीठ-तिखट तिनं कधी मोजलं नाही. मूठ टाकायची, पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाखायची, वाटलं तर आणखी चिमूटभर. मग एका तापात तिच्या जिभेची चव गेली. ताप उतरला, चव परतली नाही. हे तिनं फक्त मला सांगितलं, तेही चुलीकडे तोंड करून. काम जाईल ही भीती होतीच. पण ती बोलली वेगळंच. "पोरं म्हनतात, काकू, अजून वाढा. ते बंद पडलं तं?"

शाळेत एक कागद होता, त्यावर सगळं ग्रॅममध्ये. मीठ दोनशे. काटा मात्र बंद, आणि आईच्या हाताशी होती एक स्टीलची वाटी. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा सभांची पत्रकं वाटायचे, उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. जिथे अंदाज चालतो तिथे गरिबाच्याच ताटात कमी पडतं, हे माझं ठाम मत होतं, आजही आहे. वाटी घेऊन किराणा दुकानात गेले, तांदूळ तोलले, दोनशे भरले. बाकीच्या जिनसांचं घरी बसून गणित केलं. एक वाटी म्हणजे दोनशे, सगळ्यालाच. कागदाला मथळा दिला, 'अंदाज नको, माप हवं'. खाली दोन रेघा ओढल्या आणि अमरावतीला कॉलेजला निघून गेले.

सोमवारी आईनं सपाट वाटीभर मीठ टाकलं, चाखल्यासारखं केलं, मान हलवली. रोज आधी चाखणारे गुरुजी त्या दिवशी रजेवर होते. पोरांनी निमूट खाल्लं आणि पाणी पीत राहिली. कुणी तक्रार केली नाही. फक्त कुणी पुन्हा वाढायला मागितलं नाही. त्यावरून तिला कळलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा मुठीवर आली.

शनिवारी मी घरी आल्यावर तिनं हे सांगितलं. मी म्हटलं, मग माझा कागद तेव्हाच बाजूला ठेवायचा होतास.

"हाताले वाटलं व्हतं, जास्त होते म्हनून," ती म्हणाली. "पन तू लिवलं व्हतं. तुह्या अक्षराले खोटं कसं पाडू?"

इतक्या प्रेमानं मला कुणी चूक दाखवली नव्हती.

रविवारी आम्ही दोघी दुकानात गेलो आणि एकेक जिन्नस वेगळा तोलला. सपाट वाटीभर मीठ जवळजवळ तीनशे भरलं, तिखट जेमतेम शंभराच्या वर. दुकानदार हसला, एवढं शिकून मीठ तोलून राहिली काय म्हणाला. आईनं त्याला तिथेच गप्प केलं, "शिकली म्हनून तं तोलते." मग दोनशे ग्रॅम मीठ वाटीत जिथवर आलं, तिथे मी आतून खिळ्यानं रेघ ओढली. नव्या कागदाला मथळा दिला नाही.

त्या रेघेनं आईला धीर आला असावा. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच गुरुजींना सांगितलं, मले चव येत नाही, शिजतानीच तुमी चाखून सांगा. त्यांनी तळहात पुढे केला. पळीतला थेंब चाखला आणि बरोबर आहे म्हणाले. काम गेलं नाही. दुपारी तिचा मला फोन आला. "आज मागतलं पोरायनं," एवढंच बोलली.

तुमच्याकडे एक मागणी आहे. आज आपल्या घरातली वाटी घ्या. तांदूळ, मीठ, तिखट, पीठ वेगवेगळं तोला आणि ज्या भिंतीपाशी स्वयंपाक होतो तिथे लिहून लावा. आणि लावण्याआधी तो कागद रोज रांधणाऱ्या माणसाला वाचून दाखवा; त्याचा हात काय म्हणतो, ते विचारा.