रुंद पेडल

सायकलच्या दुकानात टांगलेली पेडलं पाहिली आणि माझं डोकंच तापलं. सगळी अरुंद, दातेरी. ती बनवणाऱ्यांच्या मनात एकच पाऊल असावं, तरुण आणि न दुखणारं.

"माझी टाच दुखते. रुंद, रबरी पेडलं दाखवा," मी म्हटलं.

दुकानदार हसला. "काकू, मग सायकल कशाला? रिक्षानं जा की!"

म्हणजे टाच दुखते म्हणून अंगावरचा वाराही सोडायचा? चालताना मला चार पावलंही जड जातात, सायकलवरच तर मी मोकळी असते!

"पाय माझे आहेत. तुम्ही पेडलं दाखवा."

त्यानं माळ्यावरून रुंद पेडलं काढून माझ्या सायकलला बसवली. पाऊल पूर्ण टेकलं, कळ आली नाही.

परतताना पुलाचा चढ लागला. राग अजून उतरला नव्हता. मीही उतरले नाही.