पाटीखालचा राहिलेला फराटा

रघुनाथ पेंटर गेल्याचं मला सातपूरच्या चहावाल्याकडून कळलं, तेही दहावा उरकल्यावर. हातातला चहा तसाच ठेवून मी त्याच्यावरच ओरडलो, "मला कुणी कळवलं का नाही?" तो कप विसळता विसळता म्हणाला, "शेठ, तुमचं बोलणं होतं का त्यांच्याशी?" ... नव्हतं. तीन वर्षं नव्हतं.

सातपूरला माझी सुतारी हत्यारांची टपरी होती, तेव्हा पहिली पाटी त्यानेच रंगवली. मी भाव पाडण्यात पक्का, त्यालाही दमवलं. तो हसून म्हणाला, "पैसे कमी द्या शेठ, पण घाई करायची नाही." टपरीत धड उभं राहायला जागा नाही आणि हा मला शेठ म्हणतो, म्हणून तो मला आवडला. नवा ब्रश तो कधी पाटीला लावत नसे. आधी दगडावर घासून केस झिजवायचा, मग अर्धवट सुकलेल्या रंगाने अक्षरं ओढायचा. कडा फाटलेल्या, मधूनमधून पत्रा दिसणारी, पण रस्त्यापलीकडून वाचता येणारी अक्षरं. नावाखाली एकच जाड फराटा. तो मात्र दुकान उघडायच्या दिवशी, मालकासमोर. "पाटी आता तुमची," एवढं म्हणून ब्रश पुसायचा.

गंगापूर रोडला मोठं दुकान घेतलं तेव्हा घरचे सगळे फ्लेक्स लावा म्हणत होते. मी हट्टाने त्यालाच बोलावलं. नाव आदल्या दिवशी रंगवून झालं. उद्घाटनाला मात्र हा दोन तास उशिरा आला. पाहुणे ताटकळलेले, माझं डोकं फिरलेलं. सगळ्यांदेखत म्हणालो, "एक रेघ ओढायला एवढा वेळ लागतो का तुला? फ्लेक्सवाला बरा होता." पिशवीतून काढलेला ब्रश त्याने गल्ल्यावर ठेवला आणि निघून गेला. मला अर्धवट पाटीखाली उभं करून गेला, हा राग मी जपला. चूक त्याची, तर फोनही त्यानेच करावा. समोरचा आधी बोलेपर्यंत गप्प बसणं मला चांगलं जमतं... त्यालाही जमलं.

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं. तिथेही मी तेच उगाळलं, उशीर त्याने केला होता म्हणून. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमची पाटी मोठी. चार बोटं रुंद ब्रश नवाच आणावा लागला. सकाळपासून दारातल्या दगडावर घासत बसले होते. मी म्हटलं, उशीर होतोय, ते चिडतील. तर म्हणाले, त्याला कळेल."

दुकानात येऊन गल्ल्याखालचा खण उघडला. रागाने त्यात टाकलेला तो ब्रश मी तीन वर्षांत नीट पाहिलाच नव्हता. केस एका बाजूला तिरपे झिजलेले. एकाही केसाला रंग लागलेला नाही.

काल फ्लेक्सवाला आला होता. हल्ली असलीच खडबडीत अक्षरं चालतात म्हणे. कॉम्प्युटरवर हुबेहूब फराटा काढून चिकटवून देतो म्हणाला. भावही त्याने स्वतःच उतरवला. मी नको म्हटलं. रोज शटर वर करताना नजर नावाखालच्या मोकळ्या जागेवर जाते. दुकान माझं आहे. पाटी अजून माझी झालेली नाही.