टोपलीखालचा ठसा

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलंच नाही, त्याची आधीच माफी मागते. कोणाची मागते ते मलाही ठाऊक नाही, कारण ही वही मी कोणाला दाखवणार नाही. चौथीपर्यंत शिकले, तेही गोंदियाकडच्या माहेरी, मराठीत. लग्न होऊन इकडे बालाघाटात, लामत्याच्या पुढच्या गावात आले तर इथली शाळा हिंदी. माझ्या मुलांना मराठी वाचायचा कंटाळा. त्यामुळे मुलीच्या जुन्या वहीतल्या कोऱ्या पानांवर मी काय लिहिते, ते वही उघडी पडली तरी लपलेलंच राहतं.

लिहायचं आहे ते एका पावलाच्या ठशाबद्दल.

आमचं घर गावाच्या शेवटी. मागे धानाच्या दोन बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्यापलीकडे जंगल. मातीच्या भिंती, वर कवेलू, फळ्यांचं दार आणि दारासमोर उघडी छपरी. घरात सासू, नवरा, दोन मुलं आणि दोन कुत्रे. एक काळी कुत्री आणि एक तांबडा.

आम्हा दहा बायकांचा बचत गट आहे. बँकेत जायचा दिवस येईपर्यंत जमलेले पैसे पत्र्याच्या पेटीत राहतात. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे आणि हिशेबाची वही तिसरीकडे, म्हणजे एकटी बाई काही करू शकत नाही. पेटी कोणाकडे ठेवायची यावर पहिल्या बैठकीत बराच वेळ वाद झाला. शेवटी किल्ली सांभाळणारी म्हातारी काकी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिच्याकडे ठेवा. हिचे कुत्रे पोस्टमनलेही दोन घरं आधीच थांबवतात."

"अन् ही त तोंडच उघडत नाही," दुसरी म्हणाली. "पेटी कुठं हाय ते कोणाले सांगन?"

सगळ्या हसल्या. मीही खाली बघून हसले. पण पेटी डोक्यावर घेऊन घरी आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. तोवर मला कोणी काही राखायला दिलं नव्हतं.

धानाच्या कोठीमागे खड्डा करून पेटी पुरली आणि वरून शेणाने छान सारवलं. सासूबाई आत आल्या, खाली पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"येवढंच सारवलं? चोराले चिठ्ठी लिहून ठेवली का वं, इथं खोद म्हणून?"

बाकीची जमीन फिकी आणि तेवढा तुकडा ओला हिरवा. मला ते दिसलंच नव्हतं. तेव्हापासून नियम झाला. बैठकीच्या दिवशी पेटी काढली आणि पुन्हा पुरली की कोठीपासून आंगणाच्या टोकापर्यंत सगळं सारवायचं. बैठक दुपारी होत असे, म्हणून सारवायला संध्याकाळ व्हायची. सासूबाई पुटपुटायच्या की संध्याकाळी कोणी सारवतं का. पण त्याही हाताखाली शेणाची टोपली सरकवायच्या.

कुत्रे मात्र बाहेर झोपायचे, छपरीत. पेटी आली तेव्हापासून त्यांचं ते काम पक्कं झालं होतं.

मागच्याच्या मागच्या थंडीत काळी व्याली. चार पिल्लं. गावाच्या वरच्या अंगाला एका घरासमोरचा कुत्रा नाहीसा झाला होता, साखळी तेवढी खुंट्याला राहिली होती. तेंदुआ, म्हणजे बिबट्या आला, असं लोक म्हणत होते. मला काही ते खरं वाटलं नव्हतं. पण बैठकीच्या संध्याकाळी सारवून उठले, तर काळी पिल्लांवर आडवी पडून थरथरत होती. मला वाटलं थंडी. पिल्लं उचलून मी चुलीजवळ आणली, ती मागे आली, तिच्यामागे तांबडाही आला. नवरा म्हणाला, "हे काय, राखणदारालेच आत घेतलं?" मी म्हटलं, आजच्यापुरतं.

सकाळी उजाडताना दार उघडलं आणि पाय उंबऱ्यातच थांबला.

कालचं सारवण जरासं वाळलं होतं, भाकरीचं मळलेलं पीठ असतं तेवढं मऊ होतं. त्यावर पावलं उमटली होती. कुत्र्याचं पाऊल मला ओळखू येतं, त्यात नखं दिसतात. यात नखं नव्हती. चार गोल बोटं, मागे रुंद गादी, आणि एकामागे एक अशी नीट ओळ, जशी कोणी मोजून टाकली असावी. ओळ बांधीकडून आली होती, छपरीत चढली होती. कुत्रे झोपतात त्या पोत्याभोवती एक फेरा होता. मग दाराशी, फळीपासून हातभर अंतरावर, ते जनावर बसलं होतं. बसल्याची जागा चकचकीत दाबली गेली होती आणि बाजूला शेपटीची एक वळणदार रेघ होती, केरसुणीची एक काडी फिरवावी तशी.

दाराच्या आतल्या बाजूला, तेवढ्याच अंतरावर, माझी दोन मुलं एका गोधडीत झोपली होती. मध्ये जुन्या फळ्या आणि एक कडी. एवढं मोठं जनावर इथं बसलं, आमचे श्वास ऐकले असतील, आणि उठून गेलं. दाराला एक ओरखडा नव्हता. आणि पोस्टमनवर धावणारे माझे कुत्रे साधं कुईं करूनही उठले नव्हते. आत पाहिलं, काळी पिल्लांना पोटाखाली घेऊन डोळे उघडे ठेवून पडली होती. कोणी शिकवलं तिला, कधी भुंकायचं आणि कधी नाही?

मला भीती वाटली, खोटं कशाला लिहू. पण भीतीपेक्षा मोठं असं काहीतरी वाटत होतं. त्याला शब्द चौथीपर्यंत येत नसावा. मी माझा हात ठशाशेजारी धरला. मग घरातली सर्वांत मोठी टोपली आणली आणि दारासमोरच्या स्पष्ट ठशावर उपडी घातली.

नवऱ्याने सगळं पाहिलं. चहा झाल्यावर म्हणाला, "पेटी घरात हाय तवरी कुत्रे बाहेरच पाहिजेत. नाही त पेटी देऊन टाक बायायले."

"पुन्हा बाहेर ठेवले त उरतील का?"

"छपरीले लोखंडी जाळी लावली त दोन्ही होते. पण तेवढे पैसे कुठं हायेत?"

कुत्रे की पेटी, असं झालं. पेटी परत दिली तर काकी पुन्हा कशासाठी माझ्याकडे बोट करणार होती? आणि कुत्रे बाहेर ठेवले तर सकाळी पोतं रिकामं दिसणार होतं.

मी मुलीला काकीकडे पाठवलं, सगळ्यांना बोलाव म्हणून. मी कधी कोणाला बोलावत नाही, त्यामुळे पेटी चोरीला गेली असं समजून बायका धावतच आल्या. काकी तर किल्ली हातात धरून आली, दम लागलेला.

"पेटी हाय," सासूबाईंनी सांगितलं. "हिले काही बोलायचं हाय."

नऊ तोंडं माझ्याकडे वळली. कसंबसं म्हटलं, "मले कर्ज पाहिजे. छपरीले जाळी लावाले. कुत्र्यायसाठी."

सगळ्यांना हसू फुटलं.

"कुत्र्यायसाठी कर्ज? मंग माह्या बकरीलेही एक खाट घेऊन द्या, बिचारी खाली झोपते."

"गादीसकट घे वं, गट आपलाच हाय."

मी खाली वाकले आणि टोपली उचलली.

हसू तिथंच थांबलं. ठसा आता पूर्ण वाळला होता, भट्टीत भाजल्यासारखा. काकी हळूच खाली बसली आणि तिने आपला तळहात त्यावर ठेवला. ठसा तिच्या तळहाताएवढाच रुंद निघाला. तिने हात उचलून कपाळाला लावला.

"इथं बसला होता?" बकरीवाली दबक्या आवाजात म्हणाली.

"हौ."

"लेकरं कुठं झोपतात तुही?"

मी दाराकडे बोट दाखवलं. तिने पदर तोंडाशी धरला.

काकी उठली. "पेटी काय हिच्या एकटीची हाय? आपले पैसे राखाले हे कुत्रे बाहेर निजतात. लिही वं हिचं कर्ज," ती हिशेबाची वही सांभाळणाऱ्या, गावातल्याच एका सुनेला म्हणाली. त्या पोरीने हिंदीतच लिहिलं. मी मराठीत सही केली.

लामत्याच्या वेल्डरने आठ दिवसांत जाळी बसवली. कुत्रे आता छपरीतच झोपतात, बांधीकडे तोंड करून, पण जाळीच्या आत. पहिल्या संध्याकाळी तांबड्याने सगळी जाळी हुंगून काढली आणि मग पोस्टमन येतो त्या वाटेकडे तोंड करून बसला. त्या थंडीत ते जनावर आणखी एकदा येऊन गेलं. ठसे जाळीपर्यंत होते, तिथून वळले होते. या वेळी दोघेही घसा बसेस्तोवर भुंकले होते. मी पुन्हा हात शेजारी धरून पाहिला. मुलांना जवळ बसवून दाखवलं. मुलगा विचारत होता, त्याला आपण आवडत असू का?

कर्ज मी महिन्याच्या महिन्याला फेडलं. मोहाची फुलं वेचली, तेंदूपत्ता तोडला, रोवण्याला, म्हणजे धानाची रोपं लावायला, दुसऱ्यांच्या बांधीत गेले. गंमत अशी की हप्ता देण्यासाठी मलाच कोठीमागची जमीन खणून पेटी काढावी लागायची, आणि माझे पैसे आत गेले की मलाच ती पुरावी लागायची.

परवाच्या बैठकीत शेवटचा हप्ता दिला. काकीने नोटा मोजल्या, पेटीत ठेवल्या, किल्ली फिरवली. वहीवाल्या सुनेने माझ्या नावापुढे आडवी रेघ मारली. बायकांच्या हसण्यात काळी जाळीमागून एकदा भुंकली. कर्ज पूर्ण फिटलं होतं. मी पेटी उचलली, कोठीमागे नेली, माती लोटली आणि शेण कालवायला घेतलं, आंगणाच्या टोकापर्यंत पुरेल एवढं.